कॉमिकची गोधडी: ट्रान्सफर पेपर की छपाईचं कापड?

वेताळ किंवा चिंटू गोधडीवर आणायचा तर चित्र कापडावर उतरवण्यासाठी बाजारात दोन गोष्टी मिळतात. दोन्ही ए-४ आकारात, दोन्ही घरच्या इंकजेट प्रिंटरमधून जातात. म्हणूनच गल्लत होते.

ट्रान्सफर पेपरवर छापलेलं चित्र इस्त्रीच्या उष्णतेनं कापडावर चिकटतं. चिकटतो तो खरं तर प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा. शाई त्याच्यात असते, धाग्यात नाही. छपाईचं कापड म्हणजे शाई धरून ठेवणारी प्रक्रिया केलेलं सुती कापड. मागचा कागद फक्त ते प्रिंटरमधून नीट सरकावं म्हणून. शाई सुतात मुरली, वाळली, की तो सोलून टाकायचा.

टी-शर्टवर दोन्ही चालून जातात. गोधडीचं तसं नाही, ती धावदोऱ्याच्या ओळींनीच उभी राहते. पापुद्र्यातून हाताची सुई अडत जाते, बोटं भरून येतात, आणि पडलेलं भोक तसंच दिसत राहतं. सुताचे धागे मात्र सुईला वाट देतात आणि पुन्हा जवळ येतात. शिवण बसवायला चित्रावर थेट इस्त्री फिरवली तर पापुद्रा वितळून इस्त्रीला लागतो. धुऊन धुऊन त्याला तडेही जातात. रोज अंगावर घ्यायच्या गोधडीला माझ्या मते छपाईचं कापडच घ्यावं, थोडं महाग पडलं तरी. भिंतीवर लावायची असेल आणि शिवण चौकटींच्या कडेनंच जाणार असेल, तर ट्रान्सफरला हरकत नाही. त्यावर रंग ठसठशीत दिसतात, सुतावर जरा मवाळ.

कॉमिकमध्ये अक्षरंही असतात, हे विसरू नका. फिकट कापडासाठीच्या ट्रान्सफर पेपरवर चित्र उलटं छापायचं असतं, नाहीतर फुग्यातले संवाद आरशात पाहिल्यासारखे उमटतात. गडद कापडासाठीचा पेपर आणि छपाईचं कापड, दोन्हींवर सुलटंच छापायचं. प्रिंटरची शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली, असेल तर पाण्यात जास्त टिकते. इंकजेटचा ट्रान्सफर पेपर लेझर प्रिंटरमध्ये अजिबात घालू नका, आतल्या उष्णतेनं लेप वितळून प्रिंटर बिघडतो.

छापताना प्रत्येक चौकटीभोवती पाव इंच कापड शिवणीसाठी सोडा, म्हणजे फुगे शिवणीत जाणार नाहीत. आणि १९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा जुना अंक घरात असेल, तर त्याची पानं कापू नका, स्कॅन करा. तो कागद ठिसूळ झालेला असतो, त्यामुळे अंक सपाट दाबण्यापेक्षा जेवढा सहज उघडेल तेवढाच उघडा.