विडी सुटली आणि गोळी जड झाली

पावसाळ्यात मासेमारी बंदी लागली की बोटी वर ओढलेल्या, खलाशी घरी, आणि माझ्या मेडिकलात खोकल्याच्या औषधाला गर्दी. यंदा जूनअखेर आमच्या वाडीतली एक काकी आली, हातात मुलाची ओलान्झापिनची स्ट्रिप. म्हणाली, "भाऊ, ही गोळी त्याच्या अंगावर यायला लागलीय, दिवसभर झोपून असतो, जेवताना घास हातात तसाच राहतो, बंद करू काय?" मुलगा ट्रॉलरवर खलाशी, स्किझोफ्रेनियाची (भास-संशयाच्या मानसिक आजाराची) ही गोळी चालू होऊन ३ वर्षं झाली, तोच डोस, काही तक्रार नव्हती. मग आत्ताच काय झालं? नवीन औषध नाही, दारू नाही. शेवटी विचारलं, विडी ओढतो ना अजून? तर काकीचा चेहरा उजळला, "सुटली ना! पंधरा दिवस झाले."

तिथेच सगळं उत्तर होतं, आणि हे फार कमी घरांना माहीत असतं म्हणून लिहितोय.

ओलान्झापिनसारख्या औषधांचं काम मेंदूत डोपामिन या रसायनाचा निरोप घेणाऱ्या डी-२ रिसेप्टरवर चालतं. बऱ्याच औषधांत साधारण ६५ टक्के रिसेप्टर झाकले गेले की भास-संशय कमी व्हायला लागतात, आणि ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की हात थरथरणं, अंग ताठणं सुरू होतं. म्हणजे रक्तात औषध किती आहे याला फार महत्त्व. आणि ते ठरतं नुसत्या गोळीच्या मिलिग्रॅमवर नाही, लिव्हर ती किती वेगाने मोडतं त्यावरही.

ओलान्झापिन आणि त्याच गटातलं क्लोझापिन मोडण्यात लिव्हरमधलं सीवायपी१ए२ नावाचं एन्झाइम मोठं काम करतं. आता गंमत बघा. विडी-सिगारेटच्या धुरात पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन असतात, पान जळताना तयार होणारी द्रव्यं. ती लिव्हरच्या पेशीत शिरतात, तिथे एएच नावाच्या रिसेप्टरला चिकटतात, ती जोडी पेशीच्या केंद्रकात जाते आणि सीवायपी१ए२ चा जीन जास्त वाचला जाईल असं करते. जेटीवर कोळंबी सोलायला रोज दहा बायका बसतात, मुकादमाने आणखी पाच बोलावल्या तर टोपल्या लवकर रिकाम्या होणारच, तसं. धूर हा मुकादम, गोळी ही कोळंबी. मुलगा रोज बंडलभर विड्या ओढत होता, डॉक्टरांनी डोस बसवला तो या जास्तीच्या बायका धरून. विडी थांबली, मुकादम गेला, काही दिवसांत एन्झाइम उतरलं, गोळी मात्र तेवढीच. क्लोझापिनची रक्तातली पातळी अशा वेळी दीडपट किंवा त्याहून जास्तही होऊ शकते आणि ते साधारण आठवड्याभरात होतं.

हे काम निकोटिनचं नाही, धुराचं आहे. त्यामुळे तंबाखू-चुना मळणाऱ्यात किंवा निकोटिनचा पॅच लावणाऱ्यात हा परिणाम नसतो (तोंडाच्या कॅन्सरसाठी तंबाखू वाईटच). याच आजाराची रिस्पेरिडोन, अॅरिपिप्राझोल ही औषधं दुसऱ्या वाटेने मोडतात, त्यांना विडीने तसा फरक पडत नाही. चहातलं कॅफिन पण याच एन्झाइमने मोडतं, म्हणून विडी सोडल्यावर नेहमीचाच चहा जास्त चढतो, धडधडतं.

उलटी बाजू जास्त धोक्याची. विडी नसताना डोस कमी केला, मग माणूस बोटीवर गेला, चार जणांत परत ओढायला लागला, औषध भराभर मोडलं आणि आवाज पुन्हा ऐकू यायला लागले. घरी मात्र कुजबूज, खाडीवर काहीतरी बाधलं, गाऱ्हाणं घाला, भगताकडे न्या. कृपा करून असं करू नका. देवाला नारळ खुशाल ठेवा, पण भगताकडे फेऱ्या मारण्यात जाणाऱ्या दोन-तीन आठवड्यांत औषधाची पातळी घसरलेली असते आणि तेवढ्यात माणूस पूर्ण बिघडू शकतो.

तापाचंही लक्षात ठेवा, आपल्याकडे पावसाळ्यात ताप काही नवीन नाही. मोठ्या इन्फेक्शनमध्ये हेच एन्झाइम मंदावतं आणि क्लोझापिन वाढतं. शिवाय क्लोझापिनवर क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात, १९७५ मध्ये फिनलंडमध्ये यातून रुग्ण दगावले, म्हणून सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात. क्लोझापिनवर असताना ताप, घसादुखी आली तर नुसती पॅरासिटामॉल मागायला माझ्याकडे येऊ नका, रक्त तपासा. कुठल्याही अँटिसायकोटिकवर (भास-संशयाच्या अशा कुठल्याही गोळीवर) ताप येऊन अंग लाकडासारखं ताठलं तर सरळ हॉस्पिटल.

काकीला मी सांगितलं, विडी परत चालू करायची नाही आणि गोळी मनाने बंदही करायची नाही, आत्ता माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लाव. त्यांनी डोस टप्प्याने कमी केला. परवा गेलो तर मुलगा पडवीत जाळं दुरुस्त करत होता, सुईत दोरा स्वतः ओवत होता. १ ऑगस्टला बंदी उठेल. त्याच्या फाइलवर लाल पेनाने लिहिलंय, "विडी बंद", खाली तारीख, आणि बोटीवर एक जरी ओढली तरी किनाऱ्याला लागल्या लागल्या सांगायचं असं त्याने आईला कबूल केलंय.