जलीय नागरिकत्व

शहरातल्या माणसाची नागरिक म्हणून दखल घेतली जाते की नाही, हे मतदार यादीइतकेच त्याच्या नळाला येणाऱ्या पाण्यावरून ठरते, असे सांगणारी मानवशास्त्रातील संकल्पना. मानवशास्त्रज्ञ निखिल आनंद यांनी ती मुंबईच्या अभ्यासातून मांडली. स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएच.डी. करून पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अध्यापन करणारे आनंद जोगेश्वरीच्या वस्त्यांत आणि महापालिकेच्या पाणी खात्यात वावरले. त्या क्षेत्रकार्यावर आधारलेला ‘हायड्रॉलिक सिटी’ हा त्यांचा ग्रंथ २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

‘हायड्रॉलिक सिटिझनशिप’ या मूळ इंग्रजी संज्ञेतला ‘हायड्रॉलिक’ हा शब्द मराठीत ‘जलीय’ केला की त्यातला दाब निसटतो, आणि इथे सगळा खेळ दाबाचाच आहे. विहार (१८६०), तानसा (१८९२), वैतरणा, भातसा अशा तलावांतून मुंबईला रोज सुमारे ३,८०० दशलक्ष लिटर पाणी येते, पण ते सगळ्यांना एकाच वेळी सोडले जात नाही. पालिकेचा चावीवाला गाडीतून उतरतो, रस्त्यातले झाकण उचलतो, लांब दांड्याची चावी झडपेवर बसवतो आणि ठरलेले फेरे फिरवतो. एका गल्लीची पाण्याची वेळ सुरू होते, दुसरीची संपते. फेरे कमी पडले, तर चढावरच्या घरांत हंडा भरत नाही. मग बायका नगरसेवकाच्या कार्यालयात जातात, प्लंबरला गाठतात, कधी मोर्चा नेतात. पाइपातला दाब माणसांच्या दबावाने वाढतो. मराठीत दोन्हीला जवळजवळ एकच शब्द असावा, हे समर्पकच.

नळजोडणीसाठी कागद लागतात. झोपडी १ जानेवारी १९९५ पूर्वीची (पुढे २००० पूर्वीची) असल्याचा पुरावा नसेल, तर नियमाने जोडणी मिळत नसे. आणि एकदा जोडणी मिळाली की पाण्याचे बिल हाच वास्तव्याचा पुरावा ठरतो! म्हणून पाणी कमी आले तरी बिलांची चळत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली जाते. सर्वांना पाणी मिळावे यासाठी झटणाऱ्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अनधिकृत वस्तीत राहतात म्हणून माणसांना पाणी नाकारता येणार नाही, असे सांगितले.

हे नागरिकत्व एकदा मिळाले की कायमचे, असे नाही. जोगेश्वरीच्या मुस्लिमबहुल प्रेमनगरात पालिकेचे पाणी आटत गेले आणि लोकांना विहिरी व बोअरवेलकडे वळावे लागले, याची आनंद यांनी सविस्तर नोंद केली आहे. धर्म आणि वस्तीची प्रतिमा अभियंत्यांच्या बोलण्यात कशी झिरपते, हेही ते दाखवतात. लेखकाची नजर इथे सर्वांत तीक्ष्ण आहे.

गळतीवरचे त्यांचे लिखाणही वाचण्यासारखे आहे. पाण्याचा मोठा वाटा गळती आणि चोरीत जातो, पण पुरलेल्या जुन्या पाइपांत गळती कुठली आणि चोरी कुठली, हे अभियंत्यांनाही नेमके सांगता येत नाही. या अनिश्चिततेतच अनेक घरांचे पाणी टिकून असते.

अभ्यासक लिसा ब्यॉर्कमन यांनी याच शहराच्या पाण्यावर, शिवाजीनगर-बैंगनवाडी परिसरात, स्वतंत्र अभ्यास केला आहे. दोन्ही एकत्र वाचावेत. जोगेश्वरीच्या तरुणांनी २००८ मध्ये केलेल्या ‘एक डझन पाणी’ या लघुपटमालेतही आनंद यांचा सहभाग होता.