बर्फावर मीठ टाकलं की उष्णता येते कुठून?

गेल्या रविवारी संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारात ताईकडे बसलो होतो, तेवढ्यात भाच्याचा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसहून व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. रात्रभर बर्फ पडला होता. गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, म्हणजे ड्राइव्हवे, त्यानं फावड्यानं मोकळी केली होती आणि आता तिच्यावर तो मीठ फेकत होता. ताई म्हणाली, "बरोबर आहे. मीठ उष्ण असतं, म्हणून बर्फ वितळतो." शेजारच्या काकूंनीही मान डोलावली.

हा समज मी शिकलेल्या लोकांकडूनही ऐकला आहे. आयुर्वेद एखाद्या पदार्थाला उष्ण म्हणतो तेव्हा तो शरीरावरच्या परिणामाबद्दल बोलत असतो, त्याचा थर्मामीटरशी संबंध नाही. मी ताईला म्हटलं, आपण करूनच बघू. कुटलेला बर्फ स्टीलच्या डब्यात घेतला, त्यात साधारण तिसरा हिस्सा जाडं मीठ घालून ढवळलं आणि डबा ओल्या लाकडी पाटावर ठेवला. बर्फ पाणी होऊ लागला खरा, पण थर्मामीटर शून्यावरून घसरत काही मिनिटांत उणे १५च्या खाली गेला. डब्यावर बाहेरून पांढरी साय धरली. ताईनं डबा उचलला तर पाटही त्याच्याबरोबर वर आला! खालचं पाणी गोठून दोघं चिकटले होते. बर्फ वितळतोय आणि त्याच वेळी आणखी थंड होतोय, हे तिला पटेना.

पटायला अवघडच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

बर्फाचा पृष्ठभाग कधीच स्वस्थ नसतो. काही रेणू स्फटिकातून सुटून पाण्यात येतात, काही पाण्यातून स्फटिकात परत बसतात. शून्य अंशाला ही ये-जा बरोबरीत असते. आपल्या गरब्याचं रिंगण आठवा. काही जण दमून बाहेर पडतात, कडेला उभे असलेले तितकेच आत शिरतात, रिंगण तेवढंच राहतं. आता कडेच्या गर्दीत नुसते बघे मिसळले तर? बाहेर पडणारे पूर्वीइतकेच, पण कडेच्या दहांपैकी दोघं आत येणारेच नाहीत. रिंगण आटत जाणार. मिठाचे सोडियम आणि क्लोराइड आयन, म्हणजे विद्युतभारित कण, हे असे बघे आहेत. बर्फाच्या षटकोनी जाळीत त्यांना जागा नाही. शून्याखालीही बर्फावर पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो. मीठ त्यात विरघळतं, परत बसणारे रेणू कमी होतात आणि बर्फ हरतो.

पण स्फटिकातून सुटायला रेणूला बंध तोडावे लागतात. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल लागतात. मीठ त्यातलं काहीच देत नाही. म्हणून ती उष्णता बर्फातूनच, त्या खारट पाण्यातूनच आणि लगतच्या वस्तूंतून काढली जाते. तापमान उतरतं, सुटणारे रेणू मंदावतात आणि ये-जा खालच्या तापमानाला पुन्हा बरोबरीत येते. किती खाली, हे मुख्यतः कणांच्या संख्येवर ठरतं. एक किलो पाण्यात एक मोल (म्हणजे रसायनशास्त्रातली एक ठरलेली मोठी संख्या) कण असले की गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. साखरेचा एक मोल म्हणजे ३४२ ग्रॅम. मिठाचा फक्त ५८.५ ग्रॅम, आणि त्याचे कण होतात दुप्पट. कॅल्शियम क्लोराइडचे तिप्पट होतात आणि ते विरघळताना खरोखरच उष्णता सोडतं, म्हणून कडक थंडीत तेच वापरतात. साध्या मिठाची सीमा उणे २१ अंशांची, द्रावणात २३ टक्के मीठ असताना. त्याखाली मीठच पाण्यासह स्फटिक बनून बाहेर पडतं.

लहानपणी पॉटमधलं आइस्क्रीम हाच खेळ होता. तिथे बर्फ-मिठानं उष्णता दुधातून ओढली आणि दूध गोठलं. ड्राइव्हवेवर ती हवेतून, जमिनीतून, उन्हातून येते आणि वाट ओली होते. एकच मीठ, उष्णता पुरवणारा वेगळा.

हे कळलं की ड्राइव्हवेचं गणितही कळतं. ६० चौरस मीटर वाट आणि २० सेंटीमीटर ताजा भुसभुशीत बर्फ धरा. घनमीटरला १०० किलोच्या हिशेबानं तो १,२०० किलो होतो. सगळा मिठानं वितळवायचा तर उणे ५ अंशांनाच शंभर किलो मीठ लागेल. विजेनं वितळवायचा तर निदान १११ युनिट. जमिनीखाली गरम द्रवाच्या नळ्या घालणारी घरं तिकडे आहेत, पण खर्च बघा. म्हणून बहुतेक लोक आधी फावडं किंवा बर्फ उडवणारं यंत्र चालवतात. मीठ लागतं ते उरलेल्या पातळ थराची जमिनीवरची पकड सोडवण्यापुरतं. वीस फुटांच्या ड्राइव्हवेला एक मोठा कॉफी मग पुरतो, असं मिनेसोटात लोकांना सांगतात. उकळतं पाणी ओतण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नये. ते पाणी पसरतं आणि काचेसारखं गोठतं.

आपल्याकडे मिठाभोवती वेगळीच कथा असते. कोपऱ्यात वाटीभर मीठ ठेवलं की म्हणे घरातली वाईट ऊर्जा शोषली जाते. ते मीठ ओलसर होतं कारण ते हवेतलं बाष्प धरतं, पावसाळ्यात जास्त. कच्छच्या छोट्या रणात अगरिये तापत्या उन्हात जे मीठ पिकवतात त्याचे खरे गुण इतके विलक्षण आहेत की त्यावर खोटे चढवलेले मला सहन होत नाहीत.

मात्र जास्त मीठ फेकणं निष्पाप नाही. क्लोराइड कुजत नाही, मातीत अडकत नाही, वितळलेल्या पाण्याबरोबर थेट तळ्यात जातं. एक चमचा मीठ सुमारे १९ लिटर गोडं पाणी जलचरांना अपायकारक करायला पुरेसं असतं.

परवा भाच्याचा पुन्हा फोन आला. "मामा, मीठ टाकून दोन तास झाले, खडे तसेच पडलेत." तापमान विचारलं तर उणे १८. पुस्तकातली सीमा उणे २१ असली तरी इतक्या थंडीत बर्फावरचा तो ओला थर जवळजवळ नसतोच, मीठ विरघळणार कशात? उणे ९-१० अंशांखाली साधं मीठ व्यवहारात फार मंद पडतं. त्याला म्हटलं, खडे झाडून डब्यात भर आणि वाळू टाक. वाळू काहीच वितळवत नाही, पण बुटाला पकड देते आणि बर्फ गेल्यावर झाडून पुन्हा वापरता येते.