बेचिराख गावातली शिवराई: गुप्तधनाच्या कायद्याची पार्श्वभूमी

मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरातल्या शेतांत रात्रीच्या वेळी बॅटऱ्या चमकू लागल्या. मोगली सोन्याची नाणी सापडतात अशी आवई उठली होती, आणि बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग असलेला चित्रपट नुकताच येऊन गेला होता. माणसे शेते उकरत होती, काहींच्या हातांत मेटल डिटेक्टर होते. बातमी झाली म्हणून ती सगळ्यांना कळली. आपल्याकडच्या पडक्या वाड्यांत आणि ओसाड गावठाणांत हेच काम बातमी न होता चालते. तिथे ना पहारेकरी, ना फलक, ना तिकीटखिडकी.

अशा गावाला महसुली दप्तरात शब्द आहे: बेचिराख. मूळ फारसी बे-चिराग, म्हणजे जिथे संध्याकाळी दिवा लागत नाही ते गाव. मराठीत येताना ‘ग’चा ‘ख’ झाला आणि शब्दात ‘राख’ ऐकू येऊ लागली. त्यामुळे आज बेचिराख म्हटले की जाळलेले, लुटलेले गाव डोळ्यांपुढे येते. हा घोटाळा फक्त शब्दापुरता राहिला नाही. गाव एका रात्रीत जळाले, माणसे पळाली, मग सोने जमिनीतच राहिले असणार, असा हिशोब करून लोक कुदळ उचलतात. प्रत्यक्षात बहुतेक गावे हळूहळू विझली. विहिरी आटल्या, दुष्काळ पडला, पटकीची साथ आली, १८९६ नंतर प्लेगने माणसांना रानात राहायला लावले आणि त्यातली काही घरे पुन्हा उघडलीच नाहीत. असे गाव सोडणारा माणूस बायकोच्या गळ्यातल्या पुतळ्या आणि गाडग्यातले रुपये मागे ठेवून जात नाही. मागे राहते ते हातातून निसटलेले, नाहीतर विधीसाठी मुद्दाम पुरलेले. म्हणून ओसाड गावठाणात निघतात ती मुख्यतः तांब्याची नाणी.

गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी ओळखली जाते. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. मातीच्या भिंती, भेंडे, धाब्याची माती हे सगळे पावसात विरघळत गेले की पांढरीचे टेकाड उरते. ही माती लोक पूर्वापार घर सारवायला आणि शेतात टाकायला उचलून नेत आले आहेत, आणि यंत्र येण्याआधी नाणी सापडली ती अशीच, बैलगाडीत माती भरताना. वाड्यात नाणे कुठे असेल हेही ठरलेले असे. उंबऱ्याखाली, मधल्या खांबाच्या तळाशी, बळदाच्या, म्हणजे भिंतीतल्या धान्याच्या कोठीच्या, फटीत, पेवाच्या, म्हणजे जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्याच्या, तोंडाशी. वास्तुशांतीला आग्नेय कोपऱ्यात वास्तुप्रतिमा पुरतात, तिच्यासोबत एखादे नाणे गेलेले असते. डिटेक्टरवाला आधी जोते शोधतो, मग उंबरा. जुने घर कसे बांधत हे त्याला आपल्यातल्या पुष्कळांपेक्षा चांगले ठाऊक असते, आणि याचे मला वाईट वाटते.

नाण्यांबद्दल थोडे. शिवराई हे तांब्याचे नाणे, १६७४ च्या राज्याभिषेकापासूनचे. एका बाजूला बिंदूंच्या वर्तुळात ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे पूर्ण अक्षरे क्वचितच उमटत. हातात येते तेव्हा हिरवट पापुद्र्याखाली ‘जा’चा काना आणि ‘शि’ची वेलांटी एवढेच दिसते. पेशवाईत शिवराया अनेक ठिकाणी पाडल्या गेल्या आणि इंग्रजी अमदानीतही खेड्यांतल्या बाजारात त्या बराच काळ चालल्या. म्हणून शिवराई सापडली म्हणजे जागा शिवकाळातली, हे अनुमान चुकते. चांदीच्या रुपयाचे त्याहून गुंतागुंतीचे. मराठ्यांच्या टांकसाळीतून निघणाऱ्या रुपयावर फारसीत दिल्लीच्या बादशहाचे नाव असे आणि गावकरी तो ओळखत चिन्हावरून. अंकुश असेल तर अंकुशी, जरीपटका असेल तर जरीपटका. टांकसाळीच्या गावाचे नावही वेगळे: नाशिकच्या रुपयावर गुलशनाबाद, चांदवडच्या रुपयावर जाफराबाद. पुण्याचा अंकुशी रुपया १८१८ नंतरही काही वर्षे कंपनी सरकारने पाडला. परगणा बदलला की सराफ बट्टा कापून घेई. नावाला बट्टा लागतो तो शब्द तिथलाच. १८३५ मध्ये सगळ्या मुलखासाठी १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळ्याचा, कंपनी रुपया आला आणि जुने रुपये मोडीत निघाले. एखाद्या पडक्या वाड्यात अंकुशी आणि कंपनी रुपया एकाच थरात मिळाले, तर त्या घरात हा बदल कसा पोचला ते समजते. थर विस्कटला की राहतात फक्त दोन नाणी.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा, म्हणजे दख्खनच्या त्या भीषण दुष्काळाच्या शेवटच्या वर्षातला. आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जखडलेल्या वस्तूत लपलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे निधी. तो दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचे: काय सापडले, किती किमतीचे, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची, नाहीतर जामीन द्यायचा. मग जाहीर सूचना निघते, हक्कदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख मिळते. गेल्या शंभर वर्षांत आपल्या घराण्यानेच हे पुरले असे कोणी म्हटले, तर त्याला दिवाणी दाव्याची संधी. निधी बेवारस ठरला आणि जमिनीच्या मालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा, एक चतुर्थांश मालकाचा. कळवले नाही तर वाटा सरकारजमा आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

वाचताना कायदा उदार वाटतो, आणि शेतमजुराला तीन हिस्से देणारा म्हणून तो आहेही. पण दोन ठिकाणी तो मोडतो. पहिले ठिकाण दहा रुपये. १८७८ साली दहा रुपये म्हणजे दहा तोळ्यांची चांदीची नाणी, खेड्यात लहान रक्कम नव्हे. आकडा तसाच राहिला आणि रुपया घसरला. आज बाजारात एकेका शिवराईला त्याहून जास्त किंमत येते, म्हणजे नांगराच्या फाळाला लागलेल्या एका तांब्याच्या नाण्यासाठीही कलेक्टरची कचेरी गाठावी लागेल. आणि ते नाणे ‘लपलेले’ की नुसते ‘पडलेले’? हंड्यात भरून पुरलेल्या धनासाठी केलेली व्याख्या अंगणात सांडलेल्या पैशाला लावायची तर शब्द ताणावा लागतो. कोणी तसा ताणतो, कोणी नाही, आणि गावात त्यामुळे एकच नियम पाळला जातो: कोणाला सांगायचे नाही.

दुसरे ठिकाण मला जास्त खटकते. सरकारला निधी स्वतःसाठी ठेवायचा असेल, तर त्यातल्या धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा द्यायचा, असे कलम आहे. धातूची किंमत. म्हणजे शिवराई असेल तर साधारण दहा ग्रॅम तांब्याचे पैसे आणि वर वीस टक्के. एवढ्यासाठी कोण कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या चढेल? पुढे १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरवले, परवान्याशिवाय तिचा व्यापार आणि खासगी माणसाने ती परदेशी पाठवणे बंद केले. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याविना खोदण्याची मनाई आधीपासून आहे. पण बेचिराख गावठाण सहसा कोणत्याच संरक्षित यादीत नसते, आणि तिथे मोबदल्याचा हिशोब १८७८ चाच चालतो.

जागेची नोंद राहिली तर काय होते, याचे उदाहरण जिल्हा नाशिकमधलेच आहे. १९०६ मध्ये जोगळटेंभीला शक राजा, क्षत्रप नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. त्याने नहपानाचा पाडाव केला, हे इतक्या ठसठशीतपणे दाखवणारा दुसरा पुरावा नाही. तो साठा सुटासुटा विकला गेला असता तर एकूण किती आणि ठसा मारलेली किती, हे प्रमाणच कळले नसते.

यंत्राचे सांगायचे तर त्याआधी गुप्तधन शोधायला पायाळू माणूस बोलावत, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. त्याला जमिनीतले धन दिसते ही समजूत. तिच्याभोवती अघोरी प्रकार झाले, बळी गेले, आणि २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी कृत्यांचा उल्लेख करावा लागला. यंत्राला माणसाचा बळी लागत नाही, हे त्याचे भले. ते दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधायला वापरले गेले, पुढे छंदाचे झाले, आता ऑनलाइन मागवता येते. आपल्या काळ्या कातळाच्या मातीत आणि कोकणातल्या जांभ्यात लोह इतके की साधे यंत्र दगडावरही ओरडते. सराव नसलेला माणूस प्रत्येक आवाजाला खड्डा घेतो. एका पडक्या वाड्याच्या ओसरीत मी असे चौदा खड्डे मोजले. त्यांत घोड्याचे नाल, खिळे आणि बिजागऱ्या होत्या, सगळे बाहेर फेकलेले. नाणे मिळाले असेल तर ते गेले, पण त्या बिजागरीवरून दार कुठे होते ते कळले असते.

आमच्या आजोळी देव्हाऱ्यात एक शिवराई आहे. मामाने तिच्या डबीत वहीच्या कागदाची चिठ्ठी घडी करून ठेवली आहे: जुन्या घराचा उंबरा काढताना, डाव्या हाताला, वीतभर खाली, सोबत जळलेल्या ज्वारीचे दाणे आणि बांगडीचा तुकडा, वैशाखात. कचेरीत त्याने कळवले नव्हते. पण १८७८ च्या कायद्याने लिहायला सांगितले होते त्यातले किमतीखेरीज जवळपास सगळे त्या चिठ्ठीत आहे.