चालायला लागलात, पण रिपोर्टात बघायचं कुठे?

"तीन महिने रोज चालतोय, तरी कोलेस्टेरॉल आहे तिथेच!" असं कुरकुरणारं कुणी ना कुणी प्रत्येक सोसायटीत असतं. आकडा खरा असतो, ओळ चुकीची वाचलेली असते. वजन फारसं न घटता नुसत्या व्यायामाने एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, बहुधा थोडंच हलतं. हालचाल दिसते ती ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, ओळीत, आणि त्यामागची यंत्रणा मला फार आवडते.

जेवणातली आणि यकृतात तयार झालेली चरबी रक्तातून सुटी फिरत नाही, प्रथिनांचं वेष्टन असलेल्या कणांत भरून फिरते. हे कण आकाराने मोठे, स्नायूच्या पेशीत जसेच्या तसे शिरणार नाहीत. त्यासाठी केशवाहिनीच्या आतल्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) धक्क्यावरच्या हमालासारखं उभं असतं. कण आला की ते ट्रायग्लिसराइड तोडतं आणि सुटलेली मेदाम्लं स्नायूत जातात. बैठ्या माणसाच्या स्नायूंत हे विकर कमी असतं. स्नायू राबवले की ते वाढतं, पण लगेच नाही, काही तासांनी. म्हणून आज संध्याकाळी झपाझप चाललात तर परिणाम उद्या सकाळच्या उपाशीपोटी तपासणीत दिसू शकतो. दोन-तीन दिवस खाडा पडला की तो ओसरतो. शिवाय चरबी गेल्यावर कण आक्रसतो, त्याच्या पृष्ठभागावरची जादा फॉस्फोलिपिडं आणि कोलेस्टेरॉल एचडीएलच्या, म्हणजे 'चांगल्या' कोलेस्टेरॉलच्या कणांच्या, वाट्याला येतं. एचडीएल वाढण्याचं हे एक कारण.

वाढ मात्र बेताचीच. अमेरिका-कॅनडातल्या 'हेरिटेज' अभ्यासात बैठ्या लोकांकडून 20 आठवडे सायकलिंग करून घेतलं. एचडीएल सरासरीने 5 टक्केही वाढलं नाही, आणि माणसामाणसांत फरक प्रचंड.

साखरेचं बघायचं तर आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता ग्लुकोज आत घेतो. पण तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, त्यामुळे त्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजणाऱ्या एचबीएवनसीचा निकाल तीन महिन्यांआधी मागू नये.

'रक्तशुद्धी'चे काढे विकणाऱ्यांच्या जाहिरातीत यातलं काहीच नसतं. रक्त गाळायचं काम मूत्रपिंडं फुकटात करतात.

आणि तपासणीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच जिममध्ये जाऊन जड वजनं उचलू नका. सवय नसलेल्या स्नायूंतून क्रिएटिन कायनेज आणि एसजीओटी ही विकरं रक्तात झिरपतात. एसजीओटी यकृतासारखं स्नायूतही असतं. डॉक्टरांना जिमचं सांगितलं नाही, तर चौकशी यकृताची सुरू होते.