झाडांचे कृष्णधवल छायाचित्र भिंतीवर लावण्यापूर्वी

आपण निवडलेले छायाचित्र बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे हे जंगल पावसाळ्यात इतके दाट हिरवे होते, की रंग वगळताच साग, ऐन आणि करंज एकाच करड्या छटेत मिसळून जातात. म्हणून या मालिकेतील छायाचित्रे आम्ही पानगळीच्या दिवसांत, ऊन चढण्यापूर्वी टिपतो. तेव्हा निष्पर्ण कांडोळाची पांढुरकी, पातळ पापुद्र्यांनी सुटणारी साल उठून दिसते आणि तिच्या शेजारीच ऐनाचे खोड मगरीच्या पाठीसारख्या चौकोनी भेगा घेऊन उभे असते. रंग असते, तर सालीकडे एवढे लक्ष गेले नसते, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

छपाईचा कागद कापसाच्या तंतूंचा, आम्लविरहित आणि बिनचकाकीचा आहे. तो किंचित साईच्या रंगाचा दिसतो, कारण कागद शुभ्र भासवणारी रसायने त्यात नाहीत. त्या रसायनांचा प्रभाव काळानुसार ओसरतो आणि कागद पिवळट दिसू लागतो. त्यामुळे ही छटा डाग समजू नये.

छायाचित्र प्रथम खिडकीजवळ धरून पाहावे. मुळांपाशी जो भाग काळा वाटतो, त्यात वाळलेल्या सागाच्या पानाच्या शिरा दिसतील. अंधाऱ्या खोलीत मात्र त्या हरवतात, म्हणून वरून मंद दिव्याची सोय असावी. थेट ऊन टाळावे.

मुंबईत छायाचित्राला उन्हापेक्षाही ओलीचा धोका अधिक. पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत, या दोन्ही कृपया टाळाव्यात. कागद काचेला टेकला, तर दमट हवेत तो तिला चिकटतो आणि सोडवताना वरचा थर निघून येतो. त्यासाठीच आम्ही मधे जाड माउंट, म्हणजे छायाचित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालतो, तो फ्रेम बदलतानाही काढू नये. फ्रेमच्या मागील खालच्या कोपऱ्यांना लावलेली बुचे भिंतीपासून अंतर राखतात व हवा खेळती ठेवतात.

पावसाळा सरल्यावर फ्रेम एकदा उतरवून मागची बाजू पाहावी. काचेच्या आत बुरशीचे ठिपके दिसल्यास ते घरी पुसू नयेत, कारण ओल्या फडक्याने बुरशी तंतूंमध्ये आणखी खोल जाते. फ्रेम न उघडता, कोरड्या कापडात गुंडाळून आमच्याकडे आणावी.