गहिरमाथ्याची मादी गुहागरात

कोकणातल्या शाळांत कासवांवर बोलायला गेलो की माझं एक वाक्य ठरलेलं असे : “ही मादी तुमच्याच पुळणीवर जन्मली, तिला दुसरं माहेर नाही.” किनारा का जपायचा, हे मुलांना पटवायला मग वेगळं काही लागत नसे. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावर विणीला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं वेगवेगळी, असंच तेव्हा धरलं जाई.

२०२३ साली गुहागरला सॅटेलाइट टॅग लावलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. मी म्हटलं, खाण्याच्या शोधात गेली असेल, अंडी घालायला थोडीच! मग जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत एक मादी अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची पट्टी होती, तिच्यावर आकडा ०३२३३. ती पट्टी २०२१ साली ओडिशात गहिरमाथ्याला लावलेली होती.

माझा पहिला विचार : आकडा वाचण्यात चूक झाली असणार.

आपल्या मताविरुद्धच्या पुराव्यातच खोट शोधायच्या या खोडीवर १९७९ साली एक गाजलेला प्रयोग झाला. चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी फाशीच्या शिक्षेबद्दल ठाम मत असलेल्या ४८ विद्यार्थ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले. फाशीच्या धाकानं खून कमी होतात असं एकात होतं, होत नाहीत असं दुसऱ्यात. दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांनी आपल्या मताचा अभ्यास चोख ठरवला, दुसऱ्यात खोट काढली आणि वाचून झाल्यावर आपलंच मत आणखी पक्कं झाल्याचं सांगितलं. १९८४ च्या पुढच्या प्रयोगात ‘निःपक्षपाती राहा’ असं नुसतं बजावून काही फरक पडला नाही. ‘हाच अभ्यास उलट निष्कर्षाचा असता, तरी त्याला असंच जोखलं असतंत का?’ हा प्रश्न मनाशी धरायला सांगितला, तेव्हा मात्र कल उतरला.

मी तो प्रश्न स्वतःला विचारला. पट्टी गुहागरचीच निघाली असती, तर मी आकडा पुन्हा तपासायला लावला असता? मुळीच नाही. दुसऱ्याच दिवशी फोटो वर्गात दाखवला असता.

एका कासवानं सगळंच खोटं ठरत नाही, हेही खरं. ‘दुसरं माहेर नाही’ एवढं गेलं; ‘बहुतेक माद्या जन्मभागाकडे परततात’ हे अजून उभं आहे. त्यामुळे आता सांगतो ते थोडं लांबतं : ही मादी दोन्ही किनाऱ्यांची आहे, एकीकडची वीण बिघडली तर झळ दुसरीकडेही पोचू शकते. टाळ्या पूर्वीइतक्या पडत नाहीत. पण तास संपल्यावर मुलं नकाशापाशी रेंगाळतात, गुहागरपासून कन्याकुमारीला वळसा घालून गहिरमाथ्यापर्यंत बोटानं किनारा गिरवत.